उभ्या बाटलीला गावाने मत दिलेले नाही

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान राहावे की बंद व्हावे यावर मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोनच चिन्हे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. हे मतदान सोपे नसते. आधी गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी तशी लेखी मागणी करावी लागते, सह्यांची पडताळणी होते, आणि त्यानंतर मतदानाला आलेल्यांच्या नव्हे तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान उठते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींची आणि वारलेल्या म्हाताऱ्यांची नावे यादीत तशीच असतात, आणि ती सगळी नावे हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने उभी राहतात. विदर्भातल्या कितीतरी गावांतल्या बायांनी कापूसवेचणीची मजुरी बुडवून ही लढाई लढलेली आहे.

एक दुकान हटवण्यासाठी एवढी कसोटी लावणाऱ्या या राज्यात, गावाच्या फाट्यावर जाहिरातीची तीन पुरुष उंचीची बाटली उभी करायची असेल तर मात्र गावाला कोणी काही विचारत नाही. एक दिवस ट्रॅक्टरमध्ये पत्रा आणि लोखंडी अँगल येतात, दुपारपर्यंत वेल्डिंग होते, संध्याकाळी बाटली उभी असते आणि पुढची पाच-दहा वर्षे गावाची ओळख तीच होऊन बसते. माझा आक्षेप बाटलीच्या आकाराला नाही. गावाच्या क्षितिजावर काय उभे राहावे हे ठरवण्याचा पहिला हक्क गावाचा आहे, आणि तो कोणी हिरावून न घेताही गावाच्या हातून गेलेला आहे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

नागपूरहून कोणत्याही दिशेने निघा, हा प्रकार दिसतो. ढाब्यापुढे हवा भरून फुगवलेली शीतपेयाची बाटली असते, तिच्या बुडाशी पंखा घरघरत असतो आणि भारनियमन झाले की ती अंग टाकते. पानठेल्याच्या बाजूला प्लायवूडची कापून रंगवलेली बाटली असते. कृषी केंद्राच्या माथ्यावर फायबरची, टोपणासकट. त्याहून मोठ्या बाटल्या पत्र्याच्या असतात आणि त्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, रस्त्याच्या हद्दीच्या जेमतेम पलीकडे उभ्या केलेल्या असतात. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. पानठेल्याची प्लायवूडची बाटली ही त्या ठेलेवाल्याच्या पोटापाण्याची पाटी आहे, आणि तिच्यावरून वाद घालण्यात मला रस नाही. प्रश्न मोठ्यांचा आहे.

मोठ्या वस्तूंचा एक गुण मान्य केला पाहिजे. माणसाला खुणेची जागा लागते. आपल्याकडे पूर्वी ती गरज चिंचेच्या झाडाने, मारुतीच्या पाराने, जिनिंगच्या धुरांड्याने भागत असे. रस्ते रुंद झाले, चौपदरी झाले, त्यात झाडे गेली आणि पारही सरकले. नव्या रस्त्याकडेला डोळा टेकवावा असे काही उरले नाही म्हणून काळीपिवळीतला प्रवासी ‘बाटलीजवळ उतरवून दे’ असे सांगू लागला. यात त्याचा काही दोष नाही. खूण ही सोय आहे, आणि जी वस्तू सोय करते तिच्याबद्दल हळूहळू माया उत्पन्न होते, मग ती वस्तू मुळात कोणी कशासाठी का लावलेली असेना.

जगात अशा मायेची उदाहरणे आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या कॉलिन्सव्हिल या गावी टोमॅटो केचपच्या बाटलीच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. ती १९४९ साली केचपच्या कारखान्यासाठी बांधली गेली. पाय धरून उंची १७० फूट आणि पोटात एक लाख गॅलन पाणी. पुढे केचपचे उत्पादन त्या गावातून गेले, टाकीची गरज संपली, रंग उडाला, आणि ती पाडून टाकण्याची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवून १९९५ साली तिची दुरुस्ती आणि रंगरंगोटी करून घेतली. २००२ साली तिची नोंद त्या देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. कॅनडातल्या माँट्रियल शहरात १९३० साली एका दूध कंपनीने आपल्या इमारतीवर दुधाच्या बाटलीच्या आकाराची टाकी बसवली होती. तीही बंद पडून गंजली आणि २००९ साली दुरुस्त होऊन पुन्हा पांढरी झाली.

या दोन्ही बाटल्या जाहिरातीच होत्या, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या पाण्याच्या टाक्या होत्या, म्हणजे वर्षानुवर्षे त्यांनी काही काम केले होते, ज्या मालाची त्या जाहिरात करीत तो माल त्याच ठिकाणी तयार होत होता, आणि त्या कारखान्यात काम करणारी माणसे त्याच वस्तीत राहत होती. टाकी वाचवायला जे धावले ते या नात्यामुळे धावले, असे मला वाटते. आपल्या फाट्यावरच्या बाटलीतला माल गुजरातेत नाहीतर तेलंगणात भरलेला असतो आणि तिच्या पोटात वाऱ्याखेरीज काही नसते.

स्पेनचे उदाहरण अधिक बोलके आहे, जरी ते बाटलीचे नसून बैलाचे असले तरी. १९५०च्या दशकात ब्रँडीच्या एका कंपनीने आपल्या मद्याच्या जाहिरातीसाठी रस्त्याकडेच्या टेकड्यांवर काळ्या बैलाच्या प्रचंड आकृत्या उभारायला सुरुवात केली. पुढे त्यांची उंची १४ मीटरपर्यंत गेली. १९८८ साली तिथे महामार्गालगतच्या जाहिरातींना कायद्याने बंदी झाली तेव्हा बैलाच्या अंगावरचे मद्याचे नाव पुसले गेले, आणि आकृतीही हटवावी की नाही यावर अनेक वर्षे वाद चालला. १९९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आकृती राहू दिली, कारण तोवर ती जाहिरात उरलेली नसून त्या भूमीच्या दृश्याचा भाग झाली आहे असे न्यायालयाला पटले. क्रम पाहण्यासारखा आहे : आधी कायद्याने जाहिरात काढली आणि मग लोकांनी आकृती ठेवली. आपल्याकडे आकृतीची सवय लोकांना लागते आणि त्या सवयीच्या आडोशाने जाहिरात टिकून राहते.

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात उद्या एखाद्या ग्रामपंचायतीने पाण्याची टाकी संत्र्याच्या आकाराची बांधायची ठरवली, तर मी पहिला टाळ्या वाजवीन. पंजाबातल्या दोआबात परदेशी गेलेल्या लोकांनी घरांवरच्या टाक्यांना विमानाचे आणि फुटबॉलचे आकार दिले आहेत, त्यात हौस आहे, थोडा दिखावाही आहे, पण घर त्यांचे आणि हौसही त्यांची. जलजीवन मिशनमधून आपल्या गावोगावी नव्या टाक्या उभ्या राहिल्या, माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवून, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर योजनेच्या नावाची निळी पट्टी यापलीकडे गावाची म्हणून एक रेघ नाही. गावाला स्वतःची खूण उभारायची संधी आलेली असताना आपण ती कंत्राटदाराच्या रंगाच्या डब्यावर सोडली, हा आपलाच आळस आहे.

आता त्या बाटलीकडे येतो, जिच्याबद्दल मला गप्प बसवत नाही. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्याला कीटकनाशकाची पत्र्याची बाटली आहे, अठरा-वीस फुटांची. टोपण लाल होते, आता गंजून विटकरी झाले आहे आणि त्याच्या खाचेत गांधीलमाश्यांचे पोळे आहे. अंगावर हिरवेगार पऱ्हाटीचे म्हणजे कपाशीचे झाड, त्याला भरगच्च पांढरी बोंडे, आणि खाली एक बोंडअळी उताणी पडलेली. सकाळी निंदणीला जाणाऱ्या बाया गाडीची वाट पाहत तिच्या सावलीत बसतात, कारण त्या फाट्यावर दुसरी सावलीच नाही. एकीने डब्याची पिशवी बाटलीच्या बुडाशी असलेल्या अँगलला अडकवलेली होती. या चित्रात जे नाही तेच महत्त्वाचे आहे. दुकानात मिळणाऱ्या खऱ्या बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो, लाल म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा, आणि अतिविषारी असेल तर वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडे. फाट्यावरच्या बाटलीवर हा चौकोनच नाही. लेबलावरचे झाड तेवढे मोठे करून रंगवले, विषाची खूण गाळली.

हा बारीकसारीक दोष नाही. २०१७च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, फवारा डोक्याच्या पातळीवर मारावा लागत होता, बोंडअळीच्या धास्तीने एकापेक्षा अधिक औषधे मिसळून मारली जात होती, आणि हातमोजे व मुखपट्टी बहुतेकांकडे नव्हती. या कारणांची चौकशी झाली, पथके नेमली गेली, शिबिरे झाली. शिबिरात सांगायचे की हे विष आहे, आणि शिबिराहून परतणाऱ्या मजुराला फाट्यावर दाखवायचे की हे अमृत आहे, ही विसंगती मात्र कोणाला खटकली नाही. आपण शेतकरी या विषाला ‘औषध’ म्हणतो, पोरांच्या खोकल्याच्या बाटलीला जे म्हणतो तेच. त्या भाबडेपणात आणखी वीस फुटांची भर घालण्याची गरज नव्हती.

कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात की तो इशाऱ्याचा चौकोन लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांश क्षेत्रफळाचा असला पाहिजे. हेच प्रमाण फाट्यावरच्या बाटलीला लावून पाहू. तिचे रंगवलेले लेबल आठ फूट बाय दहा फूट धरले तर ८० चौरस फुटांत किमान पाच चौरस फुटांचा चौकोन बसला पाहिजे. पाच चौरस फूट म्हणजे धावत्या एसटीतूनही दिसेल एवढी कवटी. ती रंगवायला किती खर्च येतो हे कोणताही पेंटर सांगेल. कंपनीला तो खर्च जड नाही, ती कवटी जड आहे.

दारूच्या बाटलीची कथा वेगळी आहे, कारण तिथे बंदी आधीपासूनच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६च्या निकालात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री थांबवायला सांगितली, लहान वस्त्यांसाठी ते अंतर पुढे २२० मीटर झाले, आणि त्याच निकालात महामार्गालगत दारू मिळत असल्याच्या पाट्या व जाहिराती काढून टाकण्याचा आदेश होता. पाट्या गेल्या. त्यांच्या जागी त्याच नावाचा सोडा आला, त्याच नावाचे पाणी आले, त्याच गळ्याची आणि त्याच खांद्यांची बाटली आली. अशा आडवळणाच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही मनाई केलेली आहे. विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३पासून आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी किती पाळली जाते यावर वाद घालता येईल, आणि बंदीच्या जिल्ह्यात दारू मिळत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्या जिल्ह्याने कायद्याने दारू नाकारली आहे त्याच्या वेशीवर तिच्या नावाचा सोडा छाती काढून उभा राहतो, तेव्हा तो सोडा विकायला उभा नसतो हे शाळकरी पोरालाही कळते.

माझ्या या म्हणण्यावर गावातूनच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. ज्याच्या धुऱ्यावर बाटली उभी आहे तो म्हणतो, वावर माझे, सातबारा माझा, वर्षाला चार पैसे सुटतात, तुम्हाला काय अडचण? सोयाबीनचा भाव पडलेला, कापसाचा चुकारा अडकलेला, अशा वर्षी एखाद्या पत्र्याच्या बाटलीने खत-बियाण्याचा थोडा खर्च भागवला तर तिला नावे ठेवायला मी कोण? म्हणूनच मी त्या शेतकऱ्याचे भाडे बुडावे असे म्हणत नाही. मी त्याला एवढेच विचारीन की करार आहे का? बहुतेक वेळा नसतो. एजंट येतो, तोंडी बोलणे होते, पहिल्या वर्षी रोख रक्कम मिळते, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी एजंटाचा फोन लागत नाही आणि बाटली तिथेच राहते. शेतजमिनीच्या तुकड्याचा व्यापारी वापर झाला तर महसूल अधिनियम, १९६६प्रमाणे अकृषक वापराचा प्रश्न येतो, आणि नोटीस आली तर ती सातबाऱ्यावरच्या नावाने येते. बाटली पडून कोणाला लागले तर पोलीसही आधी त्याच्याच दारात येतात.

आणि ती पडू शकते. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्याकडे जी वादळे येतात ती टिनाचे छप्पर उचलून दोन वावरे पलीकडे नेऊन टाकतात, हे गावात कोणाला शिकवावे लागत नाही. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरते, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या वेगाला तो चौरस मीटरमागे एकशेवीस किलोच्या आसपास जातो. चाळीस बाय वीस फुटांच्या सपाट फलकावर हा भार जवळपास नऊ टन होतो. खरे म्हणजे गोल बाटलीवर सपाट फलकापेक्षा वारा कमी अडतो, त्यामुळे अभियंत्याच्या दृष्टीने बाटली हा वाईट आकार नाही. वाईट असतो तो तिचा पाया. काळ्या मातीत दोन-अडीच फूट खड्डा, त्यात गिट्टी आणि थोडे सिमेंट, असा पाया पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत किती टिकणार, याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो, कारण तो मांडायला सांगणारे कोणी नसते.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर जो फलक कोसळला त्यात १७ माणसे गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती आणि फलक १२० बाय १२० फुटांचा, म्हणजे क्षेत्रफळात नऊपट. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून पालिका म्हणे परवानगी आमची नाही. महानगरपालिकेकडे आकाशचिन्हे आणि जाहिरातींचे स्वतंत्र नियम आहेत, परवाना विभाग आहे, अभियंते आहेत, तिथे ही गत झाली. फाट्यावरच्या बाटलीला तर विचारणारे कोणीच नाही. महामार्गाचे अधिकारी म्हणतात, आमच्या हद्दीबाहेर आहे. तलाठी म्हणतो, तक्रार आली तर पाहू. ग्रामसेवक म्हणतो, खासगी जागा आहे. ग्रामपंचायत अधिनियमातले कलम ५३ सार्वजनिक रस्ता आणि मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण हटवण्याचा अधिकार पंचायतीला देते, पण बाटली धुऱ्यावर असते, रस्त्यावर नाही, आणि ती तिथेच का असते याचे उत्तर एजंटाला पाठ असते.

म्हणून नवा मोठा कायदा येईपर्यंत थांबण्यापेक्षा ग्रामसभेपासून सुरुवात व्हावी. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतातच. शिवारात दहा फुटांहून उंच असे कोणतेही जाहिरातीचे बांधकाम करायचे असेल तर ते ग्रामसभेपुढे ठेवावे, असा ठराव गावाने करावा आणि शासनाने त्याला नियमाचे बळ द्यावे. परवानगी तीन वर्षांची असावी आणि नंतर पुन्हा विचारावे लागावे. मालकाचे नाव, उभारणीचे वर्ष आणि ज्याने मजबुतीचा दाखला दिला त्या अभियंत्याचे नाव बुडाशी पत्र्यावर कोरलेले असावे, म्हणजे नोटीस कोणाला द्यायची हा प्रश्न उरणार नाही. जमीनमालकाचा करार लेखी असावा आणि त्याची प्रत पंचायतीत असावी. दारूचे नाव, मग ते सोड्याच्या वेशात असो की पाण्याच्या, ग्रामसभेपुढे येण्याच्या लायकीचेच नाही. कीटकनाशकाच्या बाटलीचा पुतळा माझ्या मते अजिबात नको. गावाला तो हवाच असेल तर कवटीसह, एक-सोळांशाच्या मापाने.

यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला अनामत रक्कम वाटते. बाटली उभी करणाऱ्याने ती पाडून नेण्याचा खर्च आधीच पंचायतीत भरावा. कंपनीची मोहीम एका हंगामाची असते, पत्रा मात्र पंधरा वर्षे टिकतो, आणि आज शिवारात ज्या बाटल्या उभ्या आहेत त्यांतल्या कितीतरींचे उत्पादन बाजारातून केव्हाच गेलेले आहे. मुदत संपली आणि मालक आला नाही तर पंचायतीने त्या पैशातून वेल्डर बोलवावा, पत्रा भंगारात द्यावा आणि त्याच जागी प्रवाशांसाठी चार खांबांचे टिनाचे शेड टाकावे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेणे सोयीचे पडेल, कारण उन्हाळ्याच्या शेवटची वादळे त्यानंतर येतात आणि निंदणीच्या बाया फाट्यावर बसू लागायला तोवर दीड-दोन महिने हाताशी असतात.